पूर्वनियोजन आणि तारण : मिश्र अभ्यासगटात चर्चा कशी घ्यावी? नेमका मतभेद कुठे आहे?

बिरुया_वाचक

प्रभूमध्ये सलाम.

पवित्र शास्त्राच्या एका अभ्यासगटात पूर्वनियोजन (कोणाचे तारण व्हावे हे देवाने आधीच ठरवले आहे, ही शिकवण) हा विषय चार बैठकांत घ्यायचा आहे. गटात प्रेस्बिटेरियन आहेत, मेथॉडिस्ट आहेत, पेंटेकॉस्टल मंडळीतले आहेत, काही लूथरन आणि कॅथलिकही आहेत. येशू ख्रिस्त प्रभू आहे आणि तारण कृपेने आहे, यावर कोणाचे दुमत नाही. पण रोमकरांस पत्राचा नववा अध्याय निघाला की एक बाजू म्हणते ‘तुमचा देव जुलमी आहे’, आणि दुसरी म्हणते ‘तुम्ही कर्मांनी तारण शिकवता’. त्यानंतर शास्त्र मिटलेलेच राहते.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. नेमका मतभेद कोणत्या जागी आहे? कोणते उतारे कोणत्या क्रमाने घ्यावेत? आणि चर्चा बिघडते ती कुठे व का? कोण बरोबर याचा निकाल मागत नाही. दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी आपली बाजू आणि आपल्याच बाजूच्या नेहमीच्या चुका लिहिल्या तर फार उपयोग होईल.

कुंभार_९_२१

भाऊ, मी सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतला आहे; तुमच्या गटातले प्रेस्बिटेरियनही याच परंपरेतले. आधीच सांगतो, म्हणजे पुढचे त्या हिशेबाने वाचता येईल.

जिथे मतभेद नाही ती जागा आधी बाजूला काढा. माणूस पापामुळे मेलेला आहे (इफिस. २:१), तो स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकत नाही आणि विश्वासाची सुरुवातही कृपेनेच होते, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. इ.स. ५२९ मध्ये ऑरेंज येथील धर्मसभेने हे लिहून ठेवले. १६१० साली दुसऱ्या बाजूने, म्हणजे डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी (मेथॉडिस्ट याच विचारातले), नेदरलँड्समध्ये पाच कलमे मांडली. त्यांतले तिसरे कलमही हेच म्हणते: तारणारा विश्वास माणसाला स्वतःपासून किंवा स्वतःच्या स्वतंत्र इच्छेच्या जोरावर मिळत नाही, त्यासाठी देवाने त्याला नवा जन्म द्यावा लागतो. त्यामुळे मेथॉडिस्ट भावाला ‘पेलाजियन’ म्हणणे सरळ सरळ खोटे आहे. माणूस कृपेवाचून स्वतःच्या बळावर चांगले वागू शकतो, ही पेलाजियसची शिकवण ४१८ च्या कार्थेजच्या सभेने नाकारली, आणि समोर बसलेला भाऊ ती शिकवत नाही. आमच्या बाजूची पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच.

मतभेद इथून सुरू होतो. एकच सुवार्ता दोघांनी ऐकली. एकाने विश्वास ठेवला, दुसऱ्याने ठेवला नाही. फरक कशामुळे पडला? आमचे उत्तर असे: देवाने पहिल्याला नवे हृदय दिले. ते द्यायचे हे त्याने जगाच्या स्थापनेपूर्वी ठरवले होते, आणि त्या माणसात पुढे काही चांगले दिसणार होते म्हणून ठरवले नव्हते. आर्मिनियन उत्तर असे: देवाच्या कृपेने दोघांनाही प्रतिसाद देण्यास समर्थ केले, पण एकाने ती कृपा झिडकारली. निवड सशर्त की बिनशर्त, ख्रिस्त कोणासाठी मेला, कृपेला अडवता येते का, हे सगळे वाद याच एका फाट्यावरून फुटतात. हा फाटा पहिल्या बैठकीत सगळ्यांना दिसला तर पुढचा अर्धा गोंधळ टळतो.

आमचा भर ज्या वचनांवर आहे ती अशी. रोम. ८:२९-३० मध्ये पाच गोष्टी ओळीने येतात: पूर्वज्ञान, नेमणूक, पाचारण, नीतिमान ठरवणे, गौरव. पहिल्या टप्प्यावर जे आहेत तेच शेवटच्या टप्प्यावर आहेत, मध्ये कोणी गळत नाही. योहान ६:३७, ४४ आणि ६५ एकत्र वाचावे. रोम. ९:११ मध्ये मुले जन्मलीही नव्हती, त्यांनी बरेवाईट काही केलेही नव्हते, तेव्हाची गोष्ट आहे. आणि माझ्या मते सर्वांत वजनदार मुद्दा रोम. ९:१४ आणि ९:१९ मधला. तिथे पौल स्वतःच दोन हरकती मांडतो: ‘देव अन्यायी आहे काय?’ आणि ‘मग तो दोष का लावतो?’ निवड माणसाच्या पुढे होणाऱ्या विश्वासावर बेतलेली असती तर या हरकती कोणी घेतल्याच नसत्या. पौलाची शिकवण ऐकून लोकांना नेमके हेच प्रश्न पडत होते, हे ध्यानात घ्या.

आता आमच्याकडच्या आणखी चुका, थोडक्यात.

देव काहींना ज्या रीतीने विश्वास देतो त्याच रीतीने इतरांमध्ये अविश्वास घालतो, असे आमच्यातले काही उत्साहाच्या भरात बोलतात. १६१८-१९ साली नेदरलँड्समधल्या डॉर्ट येथे भरलेल्या आमच्या परंपरेच्या सभेने, जिने त्या पाच कलमांना उत्तर दिले, आपल्या निर्णयांच्या समारोपात ही कल्पना स्पष्ट शब्दांत धिक्कारली आहे. अविश्वासाचे कारण माणसातच आहे, विश्वास मात्र देवाचे दान आहे. दोन्ही पारडी सारखी नाहीत.

ख्रिस्ताचे मरण थोड्यांनाच पुरेल इतकेच आहे, असेही डॉर्टने म्हटलेले नाही. दुसऱ्या भागात ते सबंध जगाच्या पापांना पुरून उरेल इतके मोलाचे आहे असे लिहिले आहे. वाद आहे तो हेतूचा आणि परिणामाचा.

‘ठरलेलेच आहे तर सुवार्ता कशाला सांगायची?’ असा प्रश्न आला तर प्रे. कृत्ये २७ उघडा. २४ व्या वचनात पौलाला सांगितले जाते की तारवातले सगळे वाचतील. ३१ व्या वचनात तोच पौल म्हणतो की खलाशी तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शेवट ठरलेला होता, आणि तिथवर नेणारी साधनेही ठरलेली होती. करिंथमध्येही तसेच (१८:९-१०): ‘या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत’, म्हणून बोलत राहा.

शेवटचे म्हणजे आमच्या पाच मुद्द्यांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेल्या ‘ट्यूलिप’ या सूत्राने सुरुवात करू नका. ते सूत्र विसाव्या शतकातले आहे. डॉर्टचा क्रम निवडीपासून सुरू होतो, आणि तिसरा व चौथा भाग तिथे जोडलेला आहे. सूत्राने सुरुवात केली की शास्त्र बाजूला पडते आणि घोषणा उरतात.

उघडे_दार

कुंभार भाऊंनी आमची बाजू ज्या शब्दांत मांडली त्याखाली मी सही करीन. मी आर्मिनियस आणि मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली यांच्या परंपरेतली. ‘एकाने झिडकारली’ हे त्यांनी अचूक पकडले. आमच्या मते विश्वास ठेवणाऱ्याला बढाई मारायला जागा नाही, कारण कृपा थोपवली नाही एवढेच त्याच्या वाट्याला येते. भीक घेणाऱ्या हाताला कोणी श्रेय देत नाही.

रोम. ९ बद्दल आमचे म्हणणे असे की तो अध्याय एकटा वाचू नये. पौलाचा प्रश्न ९:६ मध्ये आहे: इस्राएलाने मशीहाला नाकारले, मग देवाचे वचन व्यर्थ गेले काय? त्याचे उत्तर ११:३२ पर्यंत चालते, आणि तिथे देवाने सर्वांवर दया करावी हा हेतू सांगितला आहे. मधे ११:२० मध्ये फांद्या अविश्वासामुळे तोडल्या जातात, आणि ११:२३ मध्ये अविश्वासात राहिल्या नाहीत तर त्या पुन्हा कलम केल्या जातात. कुंभाराचे चित्र यिर्मया १८ मध्येही आहे, आणि तिथे ७ ते १० या वचनांत राष्ट्र वळले तर कुंभारही आपला बेत बदलतो. याकोब आणि एसाव यांच्याविषयी उत्पत्ती २५:२३ म्हणते ‘दोन राष्ट्रे’, आणि मलाखी १:२-३ सुद्धा राष्ट्रांबद्दलच बोलतो. म्हणून आम्हाला तिथे देवाच्या योजनेत कोणाची कोणती भूमिका, हा विषय दिसतो. प्रत्येक माणसाच्या सार्वकालिक गतीचा निकाल दिसत नाही.

फारोबाबत दोन्ही बाजू अर्धीच वचने वाचतात. निर्गम ८:१५ आणि ८:३२ मध्ये फारो स्वतः आपले मन कठीण करतो, ९:१२ मध्ये परमेश्वर त्याचे मन कठीण करतो. पण ४:२१ मध्ये परमेश्वर हे आधीच सांगून ठेवतो, तेही आमच्या लोकांनी मोठ्याने वाचावे.

इफिस. १:४ मध्ये निवड ‘त्याच्या ठायी’, म्हणजे ख्रिस्तामध्ये आहे. निवडलेला मुळात ख्रिस्त, आणि विश्वासाने जो त्याच्यात येतो तो त्या निवडीत सामील होतो, असे आमच्यातले बरेच जण मानतात. स्वतः आर्मिनियस पुढे दिसणाऱ्या विश्वासाच्या आधारे व्यक्तींची निवड मानत होता. ही दोन मते आमच्याच घरातली, पण वेगळी आहेत. बोलणाऱ्याने आपले कोणते ते आधी सांगावे. तसे झाले नाही तर समोरचा एकाला उत्तर देतो आणि आपण दुसऱ्यावर उडी मारतो. याला चर्चेतली पळवाट म्हणतात, आणि समोरच्याला ती बरोबर कळते.

आमची नेहमीची वचने मत्तय २३:३७, प्रे. कृत्ये ७:५१, १ तीमथ्य २:४, २ पेत्र ३:९, यहेज्केल ३३:११. पण १ तीमथ्य २:४ म्हटले की वाद संपला असे समजू नये. कॅल्विनिस्ट भाऊ म्हणतील की २:१-२ मध्ये राजे आणि अधिकारी आले आहेत, म्हणून ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारचे लोक. मला हे पटत नाही, कारण सहाव्या वचनातली खंडणीही ‘सर्वांसाठी’च आहे. पण उत्तर आहे, आणि ते ऐकूनच पुढे जावे.

आता आमचे कच्चे दुवे. ‘देवाने मत दिले, सैतानाने मत दिले, निर्णायक मत तुझे’ असे काही प्रचारक सांगतात. हे आर्मिनियसच्या शिकवणीच्या विरुद्ध आहे, १६१० च्या चौथ्या कलमाच्याही. त्या कलमात सर्व चांगल्याची सुरुवात, वाढ आणि पूर्तता कृपेचीच मानली आहे, फक्त त्या कृपेला अडवता येते एवढेच वेगळे म्हटले आहे.

सर्वांना आधीच मिळणारी, समर्थ करणारी कृपा आम्ही योहान १:९, योहान १२:३२, तीत २:११ यांवरून काढतो. तो काढलेला निष्कर्ष आहे, एका वचनात ठेवलेले सूत्र नाही. हे मान्य करावे. त्याने बाजू पडत नाही.

आणि तिसरे, जे आमच्यातले फार थोडे बोलतात. ‘देवाला फक्त आधी माहीत होते, त्याने ठरवले नाही’ असे म्हणून कठीण प्रश्न सुटत नाही. अमुक माणूस नाकारणार हे ठाऊक असूनही देवाने त्याला निर्माण का केले, हा प्रश्न आमच्या दारातही उभा आहे. सार्वभौम देव मानणाऱ्या प्रत्येकाच्या दारात तो आहे. तो फक्त कॅल्विनिस्टांवर टाकणे अन्यायाचे आहे.

वचन_आणि_संदर्भ

चर्चा चालवण्याविषयी लिहितो. वरच्या दोघांनी केले तेच गटात घडवून आणायचे आहे: समोरच्याचे मत असे मांडायचे की तो स्वतः म्हणेल, ‘हो, हेच माझे’. हा नियम पहिल्याच बैठकीत घाला आणि पाळला नाही तर चर्चा तिथे थांबवा. खंडन त्यानंतर.

प्रत्येक बैठक नव्वद मिनिटांची धरा. पहिली वीस मिनिटे नुसते वाचन. त्यानंतर दोन्ही बाजूंना प्रत्येकी दहा मिनिटे, त्यात कोणी मधे बोलायचे नाही. मग पाच-पाच मिनिटे एकमेकांचे म्हणणे परत सांगायचे. उरलेल्या चाळीस मिनिटांत मोकळी चर्चा करून प्रार्थनेने थांबायचे. बोलणारे दर वेळी वेगळे ठेवा. नाहीतर दोन हुशार माणसांचा सामना होतो आणि बाकीचे प्रेक्षक बनतात.

उतारे असे घ्या. पहिल्या बैठकीत फक्त समान जमीन: इफिस. २:१-१०, १ करिंथ. २:१४, योहान ६:३५-६५. दुसऱ्या बैठकीत रोम. ८:२८ पासून ११:३६ पर्यंत सलग. ही १०२ वचने आहेत, संथ वाचली तर वीसेक मिनिटे लागतात. लोक कंटाळतील म्हणून तुकडा पाडू नका. या विषयावरची निम्मी भांडणे तुकडे पाडल्याने होतात. एका बाजूने ९:१८ वर थांबायचे आणि दुसरीने १०:१३ पासून सुरुवात करायची. पौलाने दोन्ही एकाच दमात लिहिले आहे आणि शेवट ११:३३-३६ च्या स्तुतीने केला आहे. तिसरी बैठक ख्रिस्ताच्या मरणाच्या व्याप्तीवर: योहान १०:११-१६, १ तीमथ्य २:१-६, १ योहान २:१-२, २ पेत्र २:१. चौथी टिकून राहण्यावर आणि तारणाच्या खात्रीवर: योहान १०:२७-३०, रोम. ८:३१-३९, इब्री ६:४-१२, २ पेत्र १:५-११.

बिघडते कुठे? माझ्या अनुभवाने एकाच जागी: निष्कर्ष समोरच्याच्या तोंडी घातला की. ‘तुमच्या मतातून असे निघते’ आणि ‘तुम्ही असे मानता’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य वादाचे आहे, त्याला उत्तर देता येते. दुसरे वाक्य आरोपाचे आहे, त्याला फक्त राग येतो. चालवणाऱ्याने दुसरे वाक्य ऐकले की शांतपणे ते पहिल्यात बदलून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण चर्चा टिकते ती यावरच.

दुसरे, मेलेल्या बाळाचा किंवा सुवार्ता कधीच न ऐकलेल्याचा प्रश्न अचानक मध्ये आला तर त्याला वादातले हत्यार होऊ देऊ नका. विचारणाऱ्याच्या घरात ते घडलेले असू शकते. तो प्रश्न लिहून ठेवा आणि बैठकीबाहेर, वेळ देऊन बोला.

उदाहरण द्यायचेच तर वेस्ली आणि त्याचा कॅल्विनच्या मताचा सहकारी प्रचारक व्हाइटफील्ड यांचे द्या, पण पूर्ण द्या. वेस्लीने पूर्वनियोजनाविरुद्ध उपदेश छापला. व्हाइटफील्डने २४ डिसेंबर १७४० च्या तारखेचे उघड पत्र लिहून त्याला खरमरीत उत्तर दिले. चळवळ दुभंगली. दोघांनी मत शेवटपर्यंत बदलले नाही. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार स्मरणाचा उपदेश वेस्लीने केला. फक्त शेवट सांगितला तर ती गोड कथा होते. मधली कडू वर्षेही सांगा.

लूथरन_वाचक

एक भर. फळ्यावर दोनच रकाने आखू नका, तुमच्या गटातले लूथरन आणि कॅथलिक कुठेच बसणार नाहीत.

१५७७ च्या आमच्या विश्वासपत्राचे अकरावे कलम म्हणते: निवड केवळ कृपेने, माणसातल्या कशामुळेही नाही. देवाचे बोलावणे मात्र सर्वांना आणि मनापासून आहे. जो नाश पावतो तो स्वतःच्या दोषाने. मग काहींचीच निवड का, या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही, कारण वचन देत नाही. दोन्ही बाजूंना हे अर्धवट वाटते. आमच्या मते वचन जिथे थांबते तिथेच थांबणे योग्य आहे.

कॅथलिकांमध्ये हाच वाद डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांत पेटला होता. १५९८ ते १६०७ रोममध्ये त्यावर सुनावण्या झाल्या. शेवटी पाचव्या पॉल पोपने एकमेकांना पाखंडी म्हणण्यास दोघांनाही मनाई केली. निर्णय योग्य वेळी देऊ असे सांगितले, आणि तो आजवर दिलेला नाही. दोन्ही मते त्या मंडळीत राहिली. तुमच्या गटाला हा नमुना उपयोगी पडेल.

बिरुया_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. बैठकांचा आराखडा जसाच्या तसा घेतो.

एक प्रश्न उरला. गटात नव्याने विश्वासात आलेली एक बहीण आहे. तिला वादात रस नाही, तिला भीती आहे: ‘मी निवडलेली नसेन तर?’ चौथ्या बैठकीत हा प्रश्न येणारच. काय सांगावे?

कुंभार_९_२१

चौथ्या बैठकीपर्यंत थांबवू नका, आताच बोला. तिला देवाच्या गुप्त ठरावात डोकावायला लावू नका. कॅल्विनने स्वतः ते बजावले आहे: आपली निवड पाहायचा आरसा ख्रिस्त आहे, त्याच्याबाहेर शोधायला गेलात तर भोवऱ्यात सापडाल. योहान ६:३७ चा पहिला अर्धा भाग आम्ही वादात वापरतो. तिला दुसरा अर्धा वाचून दाखवा: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. आधी निवडीचा पुरावा आण आणि मग ये, असे येशूने कोणालाही म्हटलेले नाही. तिने त्याच्याकडे यावे, एवढेच.

आणि ‘तुझ्यात फळे दिसतात का ते तपास’ हे तिला पहिल्यांदा सांगू नका. २ पेत्र १:१० खरे आहे, पण घाबरलेल्या माणसाला स्वतःत फक्त पापच दिसते.

उघडे_दार

यातल्या शब्दाशब्दाला माझी संमती आहे. मीही तिला तेच वचन वाचून दाखवीन.

एकच पुस्ती. इब्री ६:४-६ तिने आधीच वाचले असेल, म्हणून ते टाळू नका. आम्ही तो इशारा खरा मानतो: विश्वासात आलेला माणूस ख्रिस्ताला सोडून जाऊ शकतो. कुंभार भाऊंकडे त्याचा अर्थ वेगळा लावतात, आणि चौथ्या बैठकीत त्यावर मोकळेपणाने बोलावे. पण दोन्ही अर्थांनी तो इशारा ख्रिस्ताकडे पाठ फिरवणाऱ्यांसाठी आहे. ख्रिस्त आपल्याला सोडील की काय म्हणून जी कासावीस झाली आहे, तिने पाठ फिरवलेली नाही. तिला सहाव्या वचनावर थांबवू नका, नववे आणि दहावे वचनही तिच्याबरोबर वाचा. तिथे लेखक त्याच वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो आणि त्यांच्याविषयी तारणाची खात्री बोलून दाखवतो.